इस्त्री खाली, पाणी वर

ताईचं पत्र आलं तेव्हा त्याला लगेच उत्तर लिहायचं असं ठरवून मी ते शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश कपाटात ठेवला. लगेच करायच्या गोष्टी माझ्याकडे नेहमी कपाटातच जातात. पुढे जेव्हा जेव्हा एखादा शब्द अडला, तेव्हा तेव्हा कोश उघडताना ते पत्र माझ्या पायावर पडलं, आणि मी ते उचलून जे पान उघडलं असेल तिथे ठेवून दिलं. 'क'मध्ये राहायला आलेलं ते पत्र उन्हाळा संपेपर्यंत 'म'पर्यंत पोचलं होतं.

पत्र मोठं नव्हतं. "चि. किड्यास, अनेक आशीर्वाद," अशी सुरुवात होती. लहानपणी मी पुस्तकात तोंड खुपसून बसायचो म्हणून ताईने हे नाव ठेवलं, आणि मी सत्तरी ओलांडली तरी ते मागे घ्यावं असं तिला वाटलेलं नाही. पुढे लिहिलं होतं, "तिथे तुझं बरं चाललंय की नाही, ते एका ओळीत कळव. बरं नसेल तर सरळ इकडे निघून ये. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतली आहे. बरं असेल तर ती एका नव्या जोडप्याला देते, ती दोघं येता-जाता विचारत असतात. पाल्हाळ नको."

आता याला उत्तर काय द्यावं? "बरं आहे" असं लिहिलं की मला गुडघा आठवायचा, डोळे आठवायचे, आणि हिच्या माघारी जेवणाच्या टेबलाशी रिकामी राहिलेली खुर्ची आठवायची. मग मी ते खोडून "बरं नाही" असं लिहायचो. तेवढ्यात खिडकीतून ऊन नेमकं वाचत्या पानावर यायचं, आणि एवढं ऊन मिळत असताना तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटायचं. पुन्हा खोडाखोड. यात माझ्या धंद्याचाही दोष आहे. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पानभर जे शब्द बरोबर असतात त्यांच्याकडे मुद्रितशोधकाने बघायचंच नसतं, जो एक चुकलाय त्याच्याकडे बघायचं. चाळीसेक वर्षं हे केल्यावर माणूस जगाकडेही तसाच बघू लागतो.

शिवाय मनातल्या मनात माझा एक निर्णय झालेलाच होता. या इमारतीत माझं असं कोणी नव्हतं. जिन्यात कोणी भेटलं की मी भिंतीला चिकटून वाट देत असे, आणि ते "चाललंय ना?" म्हणून पुढे जात. मी ताईकडे गेलो असतो तर भिंतीला जरा कमी घासलं गेलं असतं, इतकाच फरक पडला असता. जायला फक्त एक निमित्त हवं होतं. ते टाकीने दिलं.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची एक टाकी आहे. सकाळी पंपाने ती भरते आणि दिवसभर ती सगळ्यांना पुरवायची असते. आत किती पाणी आहे हे बाहेरून कळत नाही, त्यामुळे नळदुरुस्तीवाला अधूनमधून वर जाऊन टाकीवर टकटक करी आणि खाली येऊन सांगे, "अर्धी." खरं भांडण या अर्धीवरून होतं. माझ्या समोरच्या दारात गाण्याच्या बाई राहतात. त्यांचा शिष्य कितीही बेसूर गायला तरी त्या त्याला "जवळ आलास" असं म्हणतात. त्या लगेच सगळ्यांना सांगत, "अजून अर्धी आहे, धुवा चादरी." तळमजल्यावर आमचे सेक्रेटरी. विमा विकतात. दारात पाहुणा उभा राहिला तर त्यांना आधी त्याचा अपघात दिसतो आणि मग पाहुणा. ते म्हणत, "अर्धी संपली. बंद करा नळ." एकच टाकी, एकच पाणी, आणि वर चादरी आपटल्याचा आवाज चालू असताना खाली बादल्या झाकून ठेवलेल्या. मधल्या मजल्यावरची माणसं जिन्यात ज्याच्याशी आधी गाठ पडेल त्याचं ऐकत.

शेवटी जिन्याखाली सभा भरली. मी शेवटच्या पायरीवर बसलो होतो, म्हणजे तसा सभेत नव्हतोच. नेमका तेव्हाच मला खोकला आला. सेक्रेटरी म्हणाले, "प्रूफवाल्यांना काहीतरी बोलायचं आहे." मला काहीही बोलायचं नव्हतं. पण सगळे वळून बघायला लागल्यावर नुसता खोकला होता हे सांगण्यापेक्षा काहीतरी बोलणं सोपं वाटलं. छापखान्यात असताना मी एका तांत्रिक पुस्तकाची मुद्रितं तपासली होती, त्यातली एक युक्ती आठवली. टाकीत पाण्यावर तरंगणारा एक बंद डबा सोडायचा. त्याला दोरी बांधायची. ती दोरी गच्चीच्या कठड्यावर कप्पी बसवून बाहेर काढायची आणि भिंतीवरून खाली सोडायची. खालच्या टोकाला एक वजन, आणि वजनाशेजारी खुणांची पाटी. पाणी हलेल तसं वजन हलेल, आणि अंगणातून कोणालाही दिसेल. मग वाद उरणार नाही.

"छान," सेक्रेटरी म्हणाले. "ज्याने सुचवलं त्याने करावं."

उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते हे. मी तर जीभही उचलली नव्हती. मी फक्त खोकलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे सल्ल्यांची रीघ लागली. दोरी सुती घ्या, ताणत नाही. दोरी नायलॉनची घ्या, कुजत नाही. डबा तेलाचा नको, वास लागेल. वजन म्हणून मी घरातली बिघडलेली इस्त्री दिली. हिची होती. टाकवत नव्हती आणि चालतही नव्हती, तेव्हा तिला निदान लटकायला काम मिळालं. मी ती लाल रंगवली. तिचं टोक बाणासारखं आपोआप खुणेकडे वळणार होतं, आणि हे माझ्या लक्षात आलं याचा मला दोन दिवस गुप्त अभिमान वाटत होता.

पाटीही मीच रंगवली. अक्षर माझं बरं आहे. सगळ्यात वर "पूर्ण", त्याखाली "पाऊण", मग मधली खूण, मग "पाव", आणि तळाला "रिकामी". मधल्या खुणेवर घोडं अडलं. "अर्धी भरलेली" असं लिहावं अशी बाईंची सूचना होती. सेक्रेटरींचं म्हणणं होतं की "अर्धी रिकामी" लिहिलं नाही तर पुढे जे होईल त्याला ते जबाबदार राहणार नाहीत. यावर पुन्हा सभा झाली. मधल्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी "भरलेली आणि रिकामी, दोन्ही अर्धी" असं सुचवलं, पण तेवढी पाटी रुंद नव्हती. शेवटी नुसतं "अर्धी" ठेवावं असं ठरलं. दोन्ही पक्षांना तो आपलाच विजय वाटला. मला आजवर जमलेली ही एकमेव तडजोड.

मग सेक्रेटरींना आठवलं की बाहेरच्या भिंतीवर काही टांगायचं तर नगरपालिकेची परवानगी लागते. मी गेलो. कचेरीतल्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही वस्तू मोजमाप करते का?"

मी म्हणालो, करते, त्यासाठीच तर आहे.

मोजमाप करत असेल तर ते वजनमापं खात्याकडे जाईल, तिथला माणूस येऊन तपासेल, मग शिक्का, आणि दरवर्षी पुन्हा तपासणी, असं त्यांनी सांगितलं. माझा चेहरा पडलेला पाहून त्यांना दया आली असावी. ते पुढे झुकून म्हणाले, "मोजत नसेल तर मात्र काही अडचण नाही. शोभेची वस्तू म्हणून आत्ता शिक्का मारून देतो."

शोभेची वस्तू म्हणून परवानगी घेऊन मी घरी आलो. माझ्या यंत्राविषयी खरं काय ते त्या एकट्या माणसानेच कागदावर लिहिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

नळदुरुस्तीवाल्याने सगळं बसवलं. हा माणूस कशालाही "होऊन जाईल" म्हणतो. मी विचारलं, इस्त्री डब्यापेक्षा जड तर होणार नाही ना? तो म्हणाला, "होऊन जाईल." झालं. इस्त्री सुसाट खाली गेली, डबा टाकीतून उडून कप्पीला जाऊन अडकला आणि सेक्रेटरींच्या दारातली एक कुंडी फुटली. सेक्रेटरींनी फुटलेल्या कुंडीकडे पाहिलं आणि माझं यंत्र उभारायच्या आधीपासून त्यांना जे वाटत होतं ते खरं ठरल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर आलं. मग डब्यात वाळू भरली, डबा जड झाला, इस्त्री ताळ्यावर आली आणि पाटीच्या बरोबर मधोमध थांबली. अर्धी. वर जाऊन पाहिलं तर टाकीही अर्धीच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर मी आरशात पाहिलं, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप चालू झाला आणि इस्त्री खाली उतरू लागली.

पंप बंद झाला तेव्हा ती "रिकामी"वर होती. सेक्रेटरींनी सबंध इमारत फिरून नळ बंद करायला लावले. कोणी पाणी वापरलं नाही, आणि इस्त्री तिथून हलली नाही. "काटकसर करतोय म्हणून निदान आणखी खाली तरी जात नाही," असं ते म्हणाले. दुपारनंतर लोकांचा धीर सुटला आणि थोडं थोडं पाणी वापरात आलं. इस्त्री वर चढू लागली. गाण्याच्या बाईंना अंगणात गहिवरून आलं. "बघा," त्या म्हणाल्या, "पाणी विद्येसारखं असतं. वापरलं की वाढतं." त्यांनी पडदे धुवायला काढले. पडदे धुतले तशी इस्त्री आणखी वर गेली. संध्याकाळी ती "पूर्ण"ला टेकली आणि सगळ्या इमारतीचे नळ कोरडे पडले.

आता वाटेल की एका दिवसात कोणाच्याही लक्षात यावं. पण टाकीकडे कोणाला बघायचं होतं? प्रत्येकाला पाटीवर स्वतःचंच म्हणणं दिसत होतं. सेक्रेटरी पाणी जपत, आणि इस्त्री खालीच बसून त्यांना सांगे की तुझी भीती खरी आहे. बाई पाणी उधळत, आणि इस्त्री वर चढून त्यांना सांगे की तुझा भरवसा खरा आहे. टाकी भरलेली असताना नळ कोरडे कसे, याचंही उत्तर दोघांकडे होतं. सेक्रेटरींच्या मते पाइप कुजले होते. बाईंच्या मते पाइपांना नव्या दाबाची सवय व्हायची होती. नळदुरुस्तीवाला पाइप खोलून साफ करी, सकाळी पाणी येई, आणि तो म्हणे, "झालं ना?"

हे चालू असताना माझ्या दारात बादली येऊ लागली.

सकाळी दार उघडलं की उंबऱ्याबाहेर भरलेली बादली. वर ताटली झाकलेली. ना निरोप, ना चिठ्ठी. पहिल्या दिवशी मी बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिलो. मुद्रितशोधकाला अर्थ लागायला वेळ लागत नाही. हा निषेध होता. तुझ्या यंत्रापायी आम्ही असं बादल्यांनी पाणी वाहतोय, असं कोणीतरी मला न बोलता सांगत होतं. मी त्या पाण्याला हातही लावला नाही. भरलेली बादली तशीच उचलून, गुडघ्याला सांभाळत, दोन मजले उतरून मुख्य दाराशी ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा वर. मी पुन्हा खाली. आणि संध्याकाळी इस्त्री वर गेली की गाण्याच्या बाई माझं दार वाजवून म्हणत, "पूर्ण आहे म्हणतेय तुमची पाटी. अंघोळ उरकून घ्या." त्यातलं "तुमची" मला अचूक लागायचं. मी दार न उघडताच आतून "हो" म्हणायचो.

असं किती दिवस चाललं असतं कोणास ठाऊक. एके सकाळी मनाचा हिय्या करून मी स्वतः गच्चीवर गेलो आणि टाकीचं झाकण उघडलं. टाकी काठोकाठ भरली होती. कठड्यावरून वाकून पाहिलं तर खाली इस्त्री "रिकामी"वर. मला काहीच उमगेना. उगीच चाळा म्हणून मी डबा हाताने पाण्यात खाली दाबला.

"चढली, चढली," अंगणातून गाण्याच्या बाईंचा आवाज आला. मी हात काढला.

"गेली," सेक्रेटरी म्हणाले.

मी पुन्हा दाबला. "आली, मी म्हटलं नव्हतं?" हात काढला. "मी म्हटलं होतं."

मग मी टाकीशेजारी बसलो. डबा वर तर इस्त्री खाली, डबा खाली तर इस्त्री वर. विहिरीवर रहाट पाहिलेल्या कोणाही माणसाला हे समजायला हवं. दोन टोकांच्या मधोमध, फक्त अर्ध्यावर, माझी पाटी खरं बोलत होती, आणि नेमकी अर्धी असताना आम्ही ती टांगली होती. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. एखादं अक्षर उलटं बसलं तरी मला ते दुरून टोचायचं. आणि इथे आख्खी पाटी उलटी, भिंतीएवढी, माझ्याच हस्ताक्षरात, आणि मी रोज तिच्याखालून बादली घेऊन जात होतो.

खाली आल्यावर मी कोश उघडला, पत्र बाहेर काढलं आणि एका ओळीत लिहिलं, "बरं नाही, येतो." खोडायची गरज वाटली नाही. पुस्तकं बांधायला घेतली. फक्त जायच्या आधी ती पाटी दुरुस्त करून जायचं, कोणाला न सांगता, हे मात्र पक्कं ठरवलं. छापून झालेलं दुरुस्त करता येत नाही हा नियम मला माहीत होता, पण ही पाटी छापलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी नळदुरुस्तीवाल्याची शिडी भिंतीला लावली, आणि रंगाचा डबा, ब्रश आणि खरवडायची पट्टी घेऊन वर चढलो. "पूर्ण"मधला "पू" खरवडला आणि मग खाली पाहिलं. चढताना शिडी एवढी उंच नव्हती. माझा गुडघा तिथेच थांबला. रंगाचा डबा हातातून सुटला आणि सेक्रेटरींच्या दुसऱ्या कुंडीवर पडला.

दार उघडून सेक्रेटरी बाहेर आले. त्यांच्या हातात भरलेली बादली होती. वर ताटली झाकलेली.

त्यांनी आधी कुंडीकडे पाहिलं आणि नंतर वर माझ्याकडे. मग त्यांनी बादली खाली ठेवली आणि पळत येऊन शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. "हलू नका," ते म्हणाले. "पडलात तर कंबर जाते या वयात. मी पाहिलेत असे." मी म्हणालो, मला हलताच येत नाहीये. आवाजाने गाण्याच्या बाई आल्या, मधल्या मजल्यावरचे आले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळ्या इमारतीच्या डोक्यावर उभा राहून मला बोलावं लागलं. मी सगळं सांगितलं. डबा, दोरी, उलटी पाटी. शेवट कसा करावा ते सुचेना, म्हणून म्हणालो, "आणि तुमचा निषेध मला पोचला होता."

"कसला निषेध?" सेक्रेटरींनी खालून विचारलं.

"बादली."

"निषेध बादलीभर कोण करतं हो?" ते म्हणाले. "माझ्याकडे सकाळी थेट नगरपालिकेचा नळ येतो. पाटी बघतो तर रोज रिकामी. वाटायचं, हा माणूस वरच्या मजल्यावर, एकटा, मेला तरी मागणार नाही. तुम्ही ती रोज परत का आणून ठेवायचात? मला वाटलं, आणखी गरजूला द्या म्हणताय."

"दोन मजले?" मी म्हणालो. "तुम्ही रोज दोन मजले चढायचात?"

"तुम्ही उतरायचात की."

अंगणात कोणीतरी हसायला लागलं. गाण्याच्या बाई नव्हत्या. त्या डोळे पुसत होत्या. त्या म्हणाल्या की मी दारही न उघडता आतून "हो" म्हणायचो तेव्हा त्यांना हायसं वाटायचं. अंघोळीचं निमित्त होतं. आवाज आला म्हणजे मी ठीक आहे.

मी शिडीवर होतो, हात सोडता येत नव्हते, त्यामुळे चष्मा पुसता आला नाही. दोन माणसं, एकाला जग बुडताना दिसतं आणि एकाला भरभरून वाहताना, आणि दोघांच्याही हिशोबात मी होतो. चुकीचं वाचत होतो तो मीच.

तेवढ्यात नळदुरुस्तीवाला आपली शिडी शोधत आला. त्याने मला एकेका पायरीवर पाय ठेवायला लावत खाली उतरवलं, आणि पाटी बघून म्हणाला, "खरवडता कशाला काका, उलटी टांगू या. होऊन जाईल." आणि खरंच, पाटी उलटी टांगली. आता "पूर्ण" तळाला आलं आहे, डोक्यावर उभं आणि "पू"शिवाय. "अर्धी" जिथल्या तिथे आहे, फक्त उलटी. वाचायला मान वाकडी करावी लागते, आणि आमच्या अंगणात सकाळी उभी असलेली सगळी माणसं लांबून फार विचारात पडल्यासारखी दिसतात. टाकी अर्धी असली की वाद अजूनही होतो. त्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. सेक्रेटरींच्या दारात मी दोन कुंड्या नेऊन ठेवल्या. ते म्हणाले, याही फुटतील. पण पाणी घालतात.

त्या दुपारी मी आधीचं उत्तर फाडलं, पुस्तकांची दोरी सोडली आणि नवं लिहिलं.

"ती. ताईस, सा. न. एका ओळीत विचारलंस म्हणून आधी ती ओळ लिहितो: बरं चाललंय. मागची खोली त्या जोडप्याला दे. तू मात्र चार दिवस इकडे ये. भिंतीवर एक उलटी पाटी दिसेल, ती मान वाकडी करून वाच. पाण्याची काळजी करू नकोस, इथे बादली वर येते. तुझा, किडा."

वाचून पाहिलं. एकही चूक सापडली नाही. तशी एखादी असेलच, पण दुसऱ्यांदा वाचलं नाही. रिकामा कोश मी कपाटात ठेवला.

पत्र टाकायला निघालो तर जिन्यात सेक्रेटरी भेटले आणि गाण्याच्या बाईही. मी भिंतीला चिकटलो नाही, त्यामुळे आम्ही तिघं एकदम जिन्यात अडकलो आणि मग बरोबरच निघालो. वाटेत सेक्रेटरी म्हणाले, साध्या टपालाने पाठवू नका, हरवतं. बाई म्हणाल्या, उद्या पोचेल बघा. कोपऱ्यावरच्या पेटीत मी पत्र सोडलं. ते पार तळाला जाऊन आपटल्याचा आवाज आला.

"पेटी रिकामी दिसतेय," सेक्रेटरी म्हणाले. "कोणी टाकत नाही यात हल्ली."

"आत्ताच काढून नेली असतील," बाई म्हणाल्या.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे माझं पहिलं आहे," मी म्हणालो.